वाळूपर्यंत उतरलेला कान

मित्रांनो, मी एक जुना कान आहे. डोकं नाही, तोंड नाही, जोडीला दुसरा कानसुद्धा नाही. पोलादी नळीत बसवलेला आणि लांबलचक तारेला टांगलेला नुसता कान. जमिनीत अरुंद भोक पाडायचं, मला आत सोडायचं, वर जड वजन आपटायचं आणि तो धक्का माझ्यापर्यंत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, हा माझा धंदा. तरुणपणी मी मुंगीची शिंक ऐकली आहे. खोटं वाटत असेल तर मुंगीला विचारा.

माझ्या पोटातली स्प्रिंग केसाहून बारीक. कारखान्यातल्या कारागीर बाईनं ती श्वास रोखून बसवली आणि मला एक टिचकी मारली. ती ऐकू आली, तोच माझा जन्म.

पुढे मी एका बहीण-भावाच्या गाडीत आलो. ताई भोकातून निघालेली दगडमाती वाचायची. तिचं सगळं मीटरमध्ये. धाकटा बाळ्या धक्क्यांच्या प्रतिध्वनींवरून थरांचं चित्र काढायचा. त्या चित्रात खोली नसते, आवाजाला जाऊन यायला लागलेला वेळ असतो. एक मीटरमध्ये भांडणार, दुसरा वेळेत. मधला दुभाषी मी: किती मीटरवर किती वेळ, ते मी सांगायचो. माझ्यावाचून पान हलत नसे.

शेवटचं काम एका तहानलेल्या वस्तीचं. चाचणीच्या भोकात ताईला पाणीदार वाळू लागली, पण वीतभरच. ती पुढे जाड कुठे होते, ते बाळ्याच्या चित्रातली पट्टी धरून शोधायचं होतं. पट्ट्या मात्र दोन, जुळ्या बहिणींसारख्या. वरची टेकडीकडे जाड होत होती, खालची शाळेकडे. आणि विहीर एकच खोदता येणार होती.

भोक ढासळू लागलं होतं. मला अर्ध्यावरूनच वर घेतलं आणि उरलेल्या खोलीचा वेळ बाळ्यानं अंदाजानं धरला.

"ताई, चित्र जरासं खाली सरकवलं की वरची पट्टी तुझ्या वाळूवर बरोब्बर बसते."

"बसते की तू बसवतोस?"

"एवढं तेवढं सगळेच सरकवतात गं."

"लग्नात सदरासुद्धा असाच बसवला होतास. बटण उडालं ते थेट सासऱ्यांच्या ताटात."

तार सोडणारे चरखीवाले काका आधी हसले, मग म्हणाले, "वाळूपर्यंत सोडतो याला. पण हा गडी परत येईल असं काही सांगता येत नाही."

ताईनं बाहीनं माझ्यावरची माती पुसली. "जा रे बाबा," एवढंच म्हणाली.

मी गेलो. खाली असा काळोख की कोळसा उजळ वाटावा. वाळूशी थांबलो. वर वजन आपटलं. धक्का आला तो खालच्या पट्टीशी जुळणाऱ्या वेळेत, माझं उत्तर तारेतून वर गेलं, आणि मागोमाग भोकाची भिंत ढासळली. काकांनी ओढलं, पुन्हा ओढलं. मग तार सैल पडली.

माणसांचं बोलणं इतक्या खाली पोचत नाही. माझं उत्तर बाळ्यानं ऐकलं, की पुन्हा सरकवासरकवी केली? वस्तीचं पाणी त्यावर अडलेलं. मी जीव मुठीत धरून होतो. मूठ नसली तरी. मग यंत्राची घरघर सुरू झाली. टेकडीकडून नाही, शाळेकडून. एका कानानं दिशा कशी कळली म्हणून विचारू नका. वाट पाहणाऱ्याला कळते. घरघर खोल गेली, आणखी खोल गेली, थांबली. आणि पंप सुरू झाला.

आता पाणी मला चाटत हळूहळू पंपाकडे सरकतं. वर चाकं फिरतात, शाळा सुटते, पावलं धावतात. सगळं ऐकतो. पण ते आवाज दुसऱ्या कुणासाठी असतात. मला हवा आहे तो माझ्यासाठी मारलेला एक धक्का. ताई कधीतरी येईल, भोकाच्या तोंडाशी उभी राहील, टाचेनं जमिनीवर ठोकेल, असं वाटत राहतं.

म्हणून मित्रांनो, नळ नीट बंद करत जा. तो वाहत राहिला की पंप थांबत नाही, आणि त्या धडधडीत ती येऊन गेलेली मला कळायची नाही.