सातव्या वाटीतली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना मिसळणाचा डबा आहे. पितळेचा, सात वाट्यांचा. रायपुरात, बूढापाऱ्यातल्या सरलाबाईंच्या स्वयंपाकघरात मी तीस वर्षे हळद-तिखट सांभाळले. 'याच्याशिवाय फोडणी होत नाही,' असे त्या कौतुकाने सांगत. मग काचेच्या बरण्या आल्या आणि मी फळीवर गेलो.

मला खाली काढले त्यांच्या सुनेने, रूपालीने. ती जपानी शिकत होती. परीक्षा झाली की शेजारच्या 'नवा रायपूर' शहरात भाषांतराचे काम मिळणार होते. पण 'वेगवेगळे' सांगायला त्या भाषेत शब्द तरी किती! सामाझामा म्हणजे नाना तऱ्हांचे, कोतोनारु म्हणजे भिन्न असणे. तिचा गोंधळ उडे. म्हणून तिने एकेक शब्द चिठ्ठीवर लिहिला, आत मराठी अर्थ, वर पिन, आणि एकेका वाटीत ठेवला. मला संशयच आला. ज्याला वास नाही, ते डोक्यात मुरणार कसे?

रोज सकाळी ती डोळे मिटून एक चिठ्ठी उचलायची. सरलाबाई दारातून टक लावून पाहायच्या. त्यांच्या माहेरी मोठा निर्णय असला की देवापुढे अशाच चिठ्ठ्या टाकत.

परीक्षेच्या दोन दिवस आधी रूपालीने झाकण उघडले. सातवी वाटी रिकामी! शेजारी तिची दोन वर्षांची मुलगी ज्ञानदा काहीतरी चघळत होती.

"तोंड उघड! आई, हिनं पिन गिळली!" रूपाली स्कूटरची किल्ली शोधू लागली.

"थांब व," सरलाबाईंनी पदराची गाठ सोडली. "पोट्टी मुरमुरे खाऊन राहिली. चिठ्ठी माह्यापाशी आहे. पिनेसकट."

"तुमच्यापाशी? काहून?"

"तू रोज कौल लावते ना, जपानले जाऊ का नको म्हणून? 'जा' निघालं तं? पोट्टीले सोडून जाशीन? उघडायची हिंमत नाही झाली मले."

रूपालीने ज्ञानदाला उचलून घेतले. "आई, मी नवा रायपुरले जाणार. संध्याकाळच्या बसनं घरी."

"तिकडे बस असते कुठं?" सरलाबाईंचा संशय काही संपेना.

रूपालीने चिठ्ठी उघडून वाचली, "माचिमाचि. एकाच गोष्टीवर प्रत्येकाचं मत निराळं, न जुळणारं."

"हे तं आपल्याच घरचं आहे!"

दोघी हसल्या. मग सगळ्या पिना निघाल्या आणि सरलाबाईंनी भाताच्या शितांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. आता त्या चिठ्ठ्यांना भाताचा थोडा वास येतो.

मित्रांनो, जुन्या डब्याला फळीवर विसरू नका. घरात लहान मूल असेल, तर पिना वापरूच नका. आणि मनात शंका आली, तर ती पदरात बांधून ठेवू नका, विचारा.

सरलाबाई आता रोज विचारतात, "आज कोणती निघाली व?"