क्लोरीनघराची लाइन

आकडा वाढत होता तोवर थोरलीला निदान धीर होता. तो थांबला तेव्हा तोही गेला.

पाणीपुरवठा कचेरीतल्या तिच्या पडद्यावर टेकडीवरच्या क्लोरीनघराची खबर दिवसभर येत असे. क्लोरीनघर म्हणजे एकच खोली. आत माणसाच्या उंचीची सिलिंडरं, त्यांतून पाण्यात गॅस सोडणारी नळी आणि भिंतीवर हवेतला गॅस मोजणारा सेन्सर. एरवी आकडा शून्यावर असायचा, आणि एकच्या वर गेला की भोंगा व्हायचा. त्या दुपारी वारा नुसता पिसाळला होता. आकडा दोन झाला, तीन झाला, चार झाला आणि पडदा तिथेच गोठला. वाटेत कुठेतरी झाड पडून केबल तुटली होती, आणि मोबाइलचा टॉवरही त्याच दणक्यात गेला होता.

वर, त्या खोलीत, तिचा भाऊ सिलिंडर बदलत होता.

कचेरीत दोघांना कुणी नावाने हाक मारत नसे. अप्पांची थोरली आणि अप्पांचा धाकटा, एवढंच. अप्पांनी सगळा जन्म याच कचेरीत ऑपरेटर म्हणून काढला होता, आणि निवृत्त झाल्यावरही मागच्या क्वार्टरमध्येच राहिले होते. धाकटा त्यांच्या जागी लागला, थोरली संगणकावर बसली. दोन माणसांनी मिळून वर जायचं असा नियम होता. पण फिटर तेव्हा फुटलेल्या पाइपावर अडकला होता, आणि थोरलीच म्हणाली होती, "जा रे पटकन, आणि लगेच ये."

आता ते वाक्य तिच्या डोक्यात घण घालत होतं.

साहेब आणि फिटर जीप घेऊन निघाले होते. पण रस्त्यावर झाडं आडवी पडलेली, म्हणजे पुढची चढण पायीच. गॅसचे मुखवटे वर, त्याच खोलीतल्या कपाटात. "दार उघडायच्या आधी आत किती गॅस आहे ते कळलं तर बरं," साहेब जाता जाता म्हणाले होते, आणि मग स्वतःच ओशाळले होते. कळणार कसं आणि कळवणार कसं?

कळवता येणार नव्हतं, पण कळणार कसं ते थोरलीला ठाऊक होतं. वरच्या पॅनेलला एक जुनी टेलिफोनची लाइन होती. इंटरनेट यायच्या आधी याच लाइनवरून खालचा संगणक वरच्या पॅनेलशी बोलत असे. त्या लाइनला वर बोलायचा फोन नव्हताच. ती सरळ पॅनेलच्या पोटात जायची आणि तिथला मोडेम, म्हणजे टेलिफोनवरून संगणकाशी बोलणारा डबा, तेवढा ती उचलायचा. कचेरीतली जुनी लाइन अजून जिवंत होती. रिसीव्हर उचलला तर आवाज येत होता. हवा होता फक्त खालच्या बाजूचा मोडेम.

तो सापडला, स्टेपलरच्या पिनांच्या आणि वाळलेल्या शाईच्या बाटल्यांच्या खणात. साबणाच्या वडीएवढा राखाडी डबा, एका बाजूने यूएसबीची वायर, दुसऱ्या बाजूला टेलिफोनची वायर खुपसायचं भोक. हा कधी काळी कुणी आणला आणि कुणी टाकून दिला, देव जाणे.

आता हा डबा तिच्या संगणकाशी बोलेल का? तिच्या संगणकावर लिनक्स होतं, आणि ते तिनेच हौसेने घातलं होतं. लिनक्सचं चिन्ह पेंग्विन, म्हणून फिटर तिला पेंग्विनबाई म्हणायचा. काही अडलं की ती इंटरनेटवर विचारायची, आणि तिथे जगभरातले रिकामटेकडे लोक तिला तत्परतेने उत्तर द्यायचे, शिवाय चार शिव्याही. आज तीच सोय नव्हती. आडात पाणी आणि हातातली दोरीच तुटलेली, तशी तिची गत झाली.

अशा मोडेमांच्या दोन जाती असतात हे तिला माहीत होतं. एका जातीला स्वतःचं डोकं असतं. दुसरी जात बिनडोक, सगळं काम संगणकाकडून करून घेते आणि त्यासाठी वेगळा प्रोग्राम मागते. तो प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. हा डबा बिनडोक निघाला तर खेळ खलास.

तिने वायर लावली. काहीच झालं नाही. तिने वायर काढून दुसऱ्या भोकात लावली, तेव्हा डब्यावरचा हिरवा दिवा मिणमिणला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या, आणि शेवटच्या ओळीत संगणकाने उपकरणाला नाव दिलं: ttyACM0. थोरलीने ते नाव दोनदा वाचलं. असलं नाव पहिल्या जातीलाच मिळतं. म्हणजे याला डोकं आहे!

"आहेस रे बाबा, शहाणा आहेस," ती डब्याला म्हणाली, आणि तिचाच आवाज तिला परका वाटला.

शहाणा होता, पण बोलेना. ती हुकूम द्यायची आणि डबा मुका. कधी उत्तर येई, तर अर्धवट आणि भलतंच. वर आकडा आता किती झाला असेल? क्लोरीनने माणूस एकदम पडत नाही, आधी डोळे जातात, मग खोकला, मग दार कुठल्या बाजूला होतं तेच आठवत नाही, हे अप्पांनी दोघांना लहानपणी इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांनी त्याचा खेळ केला होता. डोळे मिटून दार शोधायचं. धाकटा नेहमी भिंतीवर आपटायचा.

तिने स्वतःला चिमटा काढला आणि संगणकात मागे कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत त्याची यादी बघितली. मोडेम मॅनेजर नावाचा एक आगाऊ प्रोग्राम मोडेम दिसल्याबरोबर त्याच्याशी बोलायला बसला होता. दोघं एकाच वेळी बोलत होते, म्हणून डबा गोंधळला होता. तिने त्या आगाऊला गप्प केलं आणि पुन्हा हुकूम दिला.

डबा म्हणाला, OK.

एवढ्या दोन अक्षरांनी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वरचा नंबर फिरवायला सांगितला. डबा म्हणाला, लाइनवर टोन नाही. टोन होता! तिने स्वतःच्या कानाने ऐकला होता. पण वादळाने टेलिफोन एक्स्चेंजचंही काहीतरी बिघडलं असावं, टोन तुटक येत होता, आणि डबा जुन्या वळणाचा, त्याला सरळ एकसुरी टोनच हवा. टोनची वाट न बघता फिरव म्हणायचा एक हुकूम असतो. तो आठवायला तिने कपाळ टेबलावर टेकवलं, केस ओढले, आणि शेवटी संगणकातल्याच मदतीच्या पानांत तो सापडला.

डबा नंबर फिरवू लागला. मग वरून उत्तर आलं, ती कर्कश किंचाळी, घरघर, पुन्हा किंचाळी. एरवी कान झाकावेत असा आवाज, पण थोरली त्याच्यावर वाकून राहिली. पडद्यावर अक्षरं उमटली, जोडलं गेलं, आणि पॅनेलचं पहिलं वाक्य अर्धं आलं, आणि तुटलं.

तिने पुन्हा फिरवला. पुन्हा जुळलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्या खेपेला तुटण्याआधी डब्याच्या छोट्या स्पीकरमधून तिला एक आवाज ऐकू आला. खाकरण्याचा.

थोरली ताडकन उठली आणि मागच्या दाराने क्वार्टरकडे धावत सुटली. अप्पा खाटेच्या कडेवर बसले होते, आणि हातात रिसीव्हर. ती लाइन क्वार्टरमध्येही येत होती. इतक्या वर्षांत ते तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

"अप्पा, ठेवा तो! ठेवा!"

"अगं, मी नुसता कानाला लावून बघत होतो. फोन करेल तो. वर काही झालं की आम्ही आधी घरी फोन करायचो."

"वर फोन नाहीये अप्पा! तुम्ही उचललात की माझी लाइन तुटते. तीनदा तोडलीत तुम्ही!"

ती आयुष्यात कधी त्यांच्यावर ओरडली नव्हती. अप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, तरी हात त्यावरून निघेना.

"मी इथे बसलो तर पुन्हा उचलीन," ते म्हणाले. "मला तिकडे ने."

ती त्यांना दंडाला धरून कचेरीत घेऊन आली आणि शेजारी खुर्चीत बसवलं. डबा किंचाळला, घरघरला, जुळला. या खेपेला वाक्य पुरं आलं, मग दुसरं, मग अख्खा तक्ता. अप्पा पुढे वाकले. या तक्त्यावर त्यांनी अर्धी नोकरी काढली होती.

गॅस: ११.

खाली: लोकल.

"आकड्याखाली हे लोकल म्हणजे काय?" तिने विचारलं. नव्या पडद्यावर ही ओळ तिने कधी बघितली नव्हती.

"दाराबाहेर भिंतीवर किल्ली असते. आत शिरण्याआधी ती लोकलवर फिरवायची. मग खालून कुणी काही चालवू शकत नाही. बाहेर आलं की परत रिमोटवर." अप्पांनी त्या ओळीवर बोट टेकवलं. "तो आत आहे."

गॅस: १२.

"मग मी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करते. खालून होतो ना बंद? गॅस बाहेर फेकणारा पंखाही चालू होईल."

"लोकलवर होत नाही. जबरदस्तीचा एक हुकूम आहे. नऊ नंबर."

तिचं बोट नऊवर गेलं, आणि अप्पांनी तिचं मनगट धरलं. त्या पकडीत काहीतरी कमी होतं, नेहमीसारखंच. अप्पांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. लहानपणापासून बघितलेली गोष्ट, ती कधी दिसतच नाही.

"वॉल्व्ह बंद करणारा लोखंडी दांडा आहे," अप्पा सावकाश म्हणाले. "सिलिंडर बदलताना हात नेमका त्याच्या वाटेत असतो. माझा होता. खाली बसलेल्याला माहीत नव्हतं, त्याने बटण दाबलं. त्यानंतर ती किल्ली बसवली."

थोरलीने हात मागे घेतला. धाकट्याचा हात तिला लख्ख दिसला, नखांत ग्रीस भरलेला, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला.

गॅस: १४.

"मला नाही जमणार, अप्पा. तुम्हीच सांगा काय करू. कदाचित तो बाहेर पडला असेल आणि किल्ली फिरवायची राहिली असेल. कदाचित साहेब पोचतील..."

"साहेब पोचले तर दार उघडतील, आणि तेही पडतील." अप्पांनी तोंडावरून हात फिरवला. "हात गेला तर गेला. मी जगलोच ना? दाब."

"अप्पा..."

"दाब म्हणतो ना पोरी!"

तिने नऊ दाबला. पॅनेलने विचारलं, नक्की? तिने हो म्हटलं. मग काही न झाल्यासारखी एक ओळ उमटली: वॉल्व्ह बंद, पंखा चालू. एवढंच. वर कुणी ओरडलं की नाही, हे सांगायला त्या तक्त्यात जागा नव्हती.

गॅस: १४. गॅस: १४. गॅस: १३.

आकडा उतरत होता, आणि थोरलीची भीती उलट चढत होती. तोवर करायला काहीतरी होतं. आता फक्त बघायचं होतं. नऊ झाला, सहा झाला. खोलीतली हवा स्वच्छ होत होती, पण खोलीतल्या माणसाचं काय? खालची ओळ तशीच होती, लोकल, लोकल, लोकल. तिने आयुष्यात कुठल्याही शब्दाचा इतका तिरस्कार केला नव्हता.

गॅस: ३.

खाली: रिमोट.

थोरलीला आधी वाटलं, डोळे फसवताहेत. तिने अप्पांकडे बघितलं. अप्पा खुर्चीतून अर्धवट उठले होते.

"साहेब असतील," ती घाईने म्हणाली. आशा धरायचीसुद्धा तिला भीती वाटत होती.

"साहेबांना किल्ली कुठे आहे ते ठाऊक नाही. त्यांनी ती कधी फिरवली आहे? आणि फिटर तिला हात लावत नाही, ती ऑपरेटरची." अप्पांचा आवाज फुटला. "आणि ती खांद्याएवढ्या उंचीवर आहे. पडलेल्या माणसाचा हात पोचत नाही. उभा आहे. उभा आहे तो!"

"आणि हात?"

उभं राहायला हात लागत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

खाली: लोकल.

"हे काय?" थोरली किंचाळली. "परत आत गेला की काय?"

खाली: रिमोट. खाली: लोकल. खाली: रिमोट. ओळ भराभर बदलू लागली. वर दांडा आपोआप हलल्यावर धाकट्याला कळलं होतं की खाली कुणीतरी लाइनवर आहे. त्याच्याकडे फोन नव्हता, शब्द नव्हते, होती ती एक किल्ली. तीच तो वेड्यासारखा इकडून तिकडे फिरवत होता.

अप्पांनी पडद्याला नाक लावलं. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती, ओळीबरोबर.

"ती किल्ली घट्ट आहे," ते म्हणाले. "मला दोन्ही हातांनी फिरवावी लागायची. एवढ्या भराभर फिरवतोय म्हणजे बोटं आहेत. सगळी आहेत." त्यांनी बाहीने डोळे पुसले. "अक्कल मात्र नाही. मोडेल ती किल्ली. गाढव! सरकारी किल्ली आहे ती!"

थोरली हसायला गेली आणि तिला रडू कोसळलं. ती टेबलावर डोकं टाकून हुंदके देऊ लागली, तसा टेलिफोनच्या वायरीला धक्का बसला. अप्पांनी झडप घालून वायर भोकात दाबून धरली.

"हळू, बाळ, हळू," ते म्हणाले. "बोलतोय अजून तो."