धोंडूआजोबांचा आकडा

मी एक जुना एनम आहे, मित्रांनो. एनम म्हणजे प्रोग्रॅममधली नावांची रांग. माणसं नाव वाचतात. संगणक मात्र त्या नावाचा आकडा करून ठेवतो.

माझा जन्म मुलुंडला, रत्नप्रभाताईंच्या डब्यांच्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या लॅपटॉपवर झाला. त्यांच्या सुनेने, दीप्तीने, माझ्यात डब्यांच्या प्रकारांची तीन नावं घातली: साधा, कमी तिखट, बिनसाखरेचा. रांगेप्रमाणे आकडे आपोआप पडले: शून्य, एक, दोन. प्रत्येक गिऱ्हाइकापुढे त्याचा आकडा जपलेला असे. मधुमेहाचे धोंडूआजोबा म्हणजे दोन. डब्यांच्या चिठ्ठ्या मी बिनचूक छापत गेलो. आधी कौतुक झालं, मग मी आहे हेच सगळे विसरले.

श्रावण आला. ताई म्हणाल्या, “उपवासाचा डबा सुरू करूया. पण रांगेत तो पहिला घाल हं. देवाचं आधी, कांदा-लसूण मागून.”

दीप्तीने मनोभावे उपवासाला पहिलं स्थान दिलं. ओट्यावर ते योग्यच होतं. माझ्यात मात्र सगळे एकेक घर खाली सरकले. शून्य म्हणजे उपवास झाला, दोन म्हणजे कमी तिखट. गिऱ्हाइकांपुढचे आकडे तर जुनेच होते. मला कळत होतं, पण मला वाचा कुठे?

सोमवारी चिठ्ठ्या निघाल्या, डब्यांची पहिली खेप गेलीही. ताई हसल्या, “अगं, आज अख्खं मुलुंड उपवासाला बसलंय की काय?”

दीप्तीने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “आई, आकडे सरकलेत. धोंडूआजोबांना कमी तिखटाचा डबा गेला. त्यात शिरा आहे.”

त्यांचा डबा पहिल्या खेपेलाच जाई. ताईंनी लगेच फोन लावला.

“आजोबा, डबा उघडलात?”

“उघडलंय गो. शिरो दिसलो, म्हटलंय आज देव पावलो.”

“खाल्लात?”

“चमचो हातात आसा.”

“खाली ठेवा. चूक आमची झाली.”

“ठेवलंय. वास तरी घेव दे.”

ताई स्वतःचा फराळ तसाच ठेवून, बिनसाखरेचा डबा घेऊन रिक्षात बसल्या. इकडे दीप्तीने प्रत्येक नावासमोर त्याचा आकडा स्वतः लिहिला. जुन्यांना जुनेच आकडे मिळाले. उपवास रांगेत पहिलाच राहिला, पण आकडा तीन.

“चालेल ना, आई?” ताई परतल्यावर तिने हळूच विचारलं.

“चालेल गं. देव कुठे आकडा बघतो?”

मित्रांनो, नव्याला मानाची जागा जरूर द्या. पण जुन्याचा आकडा हलवू नका. त्याच्या भरवशावर कुणीतरी डबा उघडून जेवायला बसलेलं असतं.