सुनयनाच्या नावावरचा मोबाईल

मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा सुनयनाकडे वळवला आणि एका आकड्याशी पेनाचं टोक धरलं. पाचशे अठ्ठेचाळीस. सुनयनाने तो वाचला, मान हलवली आणि हाताला नसलेलं पीठ पदराला पुसलं.

"सिबिल स्कोअर सातशेच्या वर पायजे होता," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. आदिलाबादच्या या बँकेत कर्जाचं टेबल त्यांच्याकडे होतं. माहेर सीमेवरच्या तामसीकडचं, म्हणून मराठी बाई समोर आली की त्या तेलुगू बाजूला ठेवत. "ताई, हप्ते थकवले का कुठं?"

"मी कदी लोनच नाई घेतलं, मॅडम."

खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि हल्ली तर खोटं बोलण्याइतका उत्साहही उरला नव्हता. चौदा महिन्यांपूर्वी तिचा नवरा जीवन ऑटोसकट पुलावरून खाली गेला. तेव्हापासून तिला काही जाणवायचंच बंद झालं होतं. चहा गरम होता की गार, हे कप रिकामा झाल्यावरही तिला सांगता येत नसे. ती रडली नाही म्हणून गावातल्या बायका आधी कुजबुजल्या, पुढे त्यांनाही कंटाळा आला. महिनाभराने ती सुधाकररावांच्या पिठाच्या चक्कीवर रोजीने कामाला लागली. चक्कीच्या आवाजात कोणाशी बोलावं लागत नाही, हे तिला बरं वाटलं.

आता सुधाकरराव लेकाकडे नांदेडला निघाले होते. चक्की, मोटार आणि खोली, सगळं मिळून एक लाख ऐंशी हजार. "दिवाळीपर्यंत तुह्यासाठी थांबतो," ते म्हणाले होते. "मंग शहरातला गिऱ्हाईक मशीन उचलून नेईन." मशीन गेली की गावची चक्की गेली आणि सुनयनाची रोजी गेली. घरात ती आणि म्हातारे सासरे अमृतराव, दोघंच. म्हणून ती बँकेत आली होती.

मॅडमनी पान खाली सरकवलं. "हे पाहा. मोबाईलचं लोन. चौदा हजार चारशे, बारा हप्ते. आठ भरले, चार नाई. कंपनीनं शेवटी हे बुडीत दाखवलं. नाव तुमचं, आधार तुमचं, पॅन तुमचं."

सुनयनाला दुकान आठवलं. जीवनच्या नावावर ऑटोचं लोन चालू होतं, म्हणून दुकानदार म्हणाला होता, बायकोच्या नावावर करा. तिने सह्या केल्या, फोटोसाठी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मोबाईल जीवनचा, नंबरही कागदावर जीवनचाच. हप्ता दोघांच्या जॉइंट खात्यातून आपोआप जात होता. जीवन गेल्यावर तिने शहाण्या बाईसारखी पहिल्या महिन्यातच बँकेत मृत्यूचा दाखला नेला, खात्यातले पंधराशे काढले आणि खातं बंद केलं. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. कागदपत्रांत सुनबाई हुशार, असं अमृतराव चार लोकांत सांगत.

"पण तेरवीले त सारं देनं फिटलं होतं," ती म्हणाली.

ते मात्र खरं होतं. त्यांच्या गावात तेरवीच्या पंगतीआधी घरचा वडीलधारा दारात उभा राहून विचारतो, गेलेल्याचं कोणाचं देणं असेल तर आत्ताच सांगा. अमृतरावांनी टोपी काढून विचारलं होतं. किराणावाला उठला, पानठेलेवाला उठला, पंक्चरवाला साठ रुपयांसाठी लाजत लाजत उठला. ऑटोचा सांगाडा विकून आलेल्या पैशातून ऑटोचं उरलेलं लोन आणि बाकी सगळं फेडलं. आपला पोरगा मोकळा गेला, या एका गोष्टीवर म्हातारा आजवर उभा होता. कंपनी काही पंगतीला आली नव्हती.

"मंग त्यायनं फोन काऊन नाई केला?"

"केले असतील. नंबर कोनता दिला होता?"

फोन वाजत होता खरा. कपाटातला जीवनचा मोबाईल आठवडाभर वाजला. हिंदीत कोणी विचारायचं, सुनयना है क्या, आणि अमृतराव सांगायचे, घरी मौत हुई है. मग सुनयनाने तो बंद करून साडीखाली ठेवून दिला.

मॅडमनी सगळं कागदावर लिहून दिलं. कंपनीच्या ऑफिसात जायचं. दंडासकट पुरी रक्कम भरायची. "ते म्हनतील, कमी पैशात सेटल करा. करू नका. सेटल म्हनजे अर्ध्यात मिटवलं, तो डाग रिपोर्टवर वर्षानुवर्षं दिसतो. पुरं भरा, खातं बंद झाल्याचं पत्र घ्या आनि इथं आना. रिपोर्ट सुधरायला महिना-दीड महिना लागंल. एकदम सातशे नाई होनार, पन पत्र आनि चक्कीची आवक दाखवून मी वर पाठवीन." कागद तिच्या हातात देत त्या म्हणाल्या, "वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट पाहता येतो, ताई. कोनीच पाहत नाई."

दिवाळीला बावीस दिवस होते. सुनयनाने बोटांवर दिवस मोजले आणि मोजणं अर्ध्यात सोडलं.

कंपनीच्या ऑफिसातल्या माणसाने तीन हजारांत सेटल करा म्हणून तीनदा सांगितलं. तिने सात हजार तीनशे पन्नास पुढे केले. चक्कीच्या बयाण्यासाठी साठवलेल्यातले होते ते. पैसे घेतल्यावर तो म्हणाला, "रजिस्टर नंबर पे ओटीपी गया, बताओ." नंबर कागदावरून बदलून घ्यायला पुन्हा आठ दिवस. ओटीपीला दहा मिनिटं.

जीवनचं सिम केव्हाच बंद पडलं होतं. तरी ती बाहेर पायरीवर आली आणि चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिने तो नंबर लावला. पाठ होता. रिंग गेली. तिला वाटलं होतं, रिंग जाणारच नाही.

"हलो," एक अनोळखी माणूस म्हणाला.

सिमच्या कंपनीने जीवनचा नंबर दुसऱ्याला देऊन टाकला होता. सुनयनाने मोडक्या हिंदीत सांगितलं की हा नंबर आधी आमचा होता, त्यावर आत्ता सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा.

ओटीपी कोणाला सांगू नये, हे आता शेंबडं पोरही जाणतं. "आप कौन?" त्याने विचारलं.

"जीवन की घरवाली."

"अच्छा, जीवन," तो म्हणाला. "जीवन के वास्ते भोत फोन आते, बहन. कोई बोलता स्टेशन छोड दो, कोई बोलता बच्ची को इस्कूल से लाओ. मैं बोलता, राँग नंबर." मग त्याने विचारलं, "वो कहाँ है अब?"

"नाई हाये," ती मराठीतच म्हणाली.

त्याला कळलं असावं. त्याने सहा आकडे सावकाश, एकेक करून सांगितले आणि दोनदा सांगितले. तिने ते हातावर लिहिले. आभार मानायचे राहून गेले. पत्र पंधरा मिनिटांत हातात आलं, ते बँकेत मॅडमकडे देऊन ती गावाकडे जाणाऱ्या तामसीच्या बसमध्ये बसली. खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय गेलं ते तिने पाहिलं नाही.

घरी तिने अमृतरावांना सगळं सांगितलं. म्हातारा बाजेवर बसून ऐकत होता. जीवनच्या मोबाईलचे हप्ते म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"कागदावर नाव कोनाचं होतं?"

"माहं, मामाजी."

"म्हंजे जीवनचं काई नव्हतं."

"नाई."

अमृतरावांनी मोठा श्वास सोडला आणि चहा मागितला. सुनयनाने चहा ठेवला. तिला राग यायला हवा होता, तो आला नाही. फक्त आपण फार दिवसांपासून उभ्या आहोत असं तिला वाटलं. रात्री म्हातारा जेवला नाही. का, ते तिने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चक्कीवर गर्दी होती. सणाची दळणं, डब्यांची रांग दारापर्यंत. सुधाकरराव गल्ल्यावर बसले होते. सुनयनाने सकाळीच त्यांना सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत जमत नाही. ते हूं म्हणाले होते. मघापासून ते शहरातल्या गिऱ्हाइकाचा नंबर शोधत होते.

तेवढ्यात अमृतराव आले. दळण नव्हतं त्यांच्या हातात. त्यांनी मोटारीकडे बोट दाखवलं. सुनयनाने बटण बंद केलं आणि पट्टा घरघरत थांबला. म्हाताऱ्याने दारात उभं राहून टोपी काढली.

"माह्या सुनेचं, सुनयनाचं," ते मोठ्याने म्हणाले, "कोनाचं काई देनं असन, त आत्ताच सांगा."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. "काय करून राह्यले, बाप्पा?" गयाबाई म्हणाल्या. त्या नेहमी दळणाला येत. "जित्या मानसाचं असं विचारते का कोनी?"

"विचारलं पायजे होतं," अमृतराव म्हणाले. "तेरवीले म्या पोराचंच विचारलं. हिच्या नावावर काय राह्यलं, ते विचारलंच नाई. ती मोकळी झाली का, तेबी नाई पाह्यलं."

कोणी उठलं नाही. पानठेलेवाला बाहेर उभा होता, त्याने नकारार्थी मान हलवली. शेवटी गयाबाईच पुढे आल्या आणि कनवटीची चिल्लर काढली. "माह्याकडंच हाये हिचं देनं. परवाच्या ज्वारीच्या दळनाचे बारा रुपये हिनंच भरले होते." आणखी एक बाई डबा खाली ठेवून पदराची गाठ सोडू लागली.

सुधाकररावांनी मोबाईल उलटा ठेवला. "बँकेची बाई किती म्हने?"

"दीड महिना," सुनयना म्हणाली.

"मंग नांदेडले संक्रांतीनंतर जातो. एवढी काय घाई हाये मले."

सुनयना मोटारीचं बटण दाबायला वळली. गयाबाईंचे बारा रुपये तिच्या मुठीत होते आणि ते गरम होते, कनवटीला राहून गरम झालेले. ते तिला जाणवलं. मग ती चौदा महिन्यांचं रडली, आणि चक्की बंद असल्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं.