बसू ये

कळमनुरीच्या बसस्टँडसमोर नरसिंगचं हाटेल होतं. हाटेल म्हणजे काय, वर पत्रे, खाली चार बाकडी, एका भिंतीवर बाबासाहेबांचा अन् बुद्धाचा फोटो आणि समोरच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटची पाटी: 'येथे जास्त वेळ बसू नये'. ही पाटी त्यानं जळबा पेंटरकडून रंगवून घेतली ती पत्ते कुटणाऱ्यांसाठी. एक चहा घ्यायचा अन् दिवसभर बाकडं अडवायचं, अशी ती जमात. पाटी लागल्यावर त्यातला एकही उठला नाही, ती गोष्ट वेगळी. पण नरसिंगला पाटीचं भारी कौतुक. शाळेचं तोंड त्यानं पाहिलेलं नव्हतं. अख्ख्या मुळाक्षरांत त्याला एकच अक्षर ओळखू यायचं, ते म्हणजे न. सही करायची वेळ आली की तो न काढायचा आणि पुढं लांब रेघ ओढायचा. पाटीवर तो न होता, शेवटून दुसरा. येणाऱ्याजाणाऱ्याला तो बोटानं दाखवायचा, ते बघा, माझं अक्षर.

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या सालची ही गोष्ट. श्रावण सरता सरता एक पोरगी हाटेलात आली, खांद्याला पिशवी, हातात जाडजूड पुस्तक. तिनं कॉफी आहे का विचारलं. कळमनुरीत त्या काळी कॉफी कोण पितं हो? तापानं फणफणलेला माणूस, नाहीतर तपासणीला आलेला साहेब. पोरगी साहेब काही दिसेना, म्हणून नरसिंगनं विचारलं, तब्येत बरी न्हाई का बाई. तिला चहानं पित्त व्हायचं, एवढंच होतं. नरसिंगच्या बायकोनं, चांगुणानं, डब्याच्या तळाशी राहिलेली पूड शोधून कॉफी केली. पोरीनं कप घेतला आणि खांबाला टेकून, पुस्तक उघडून उभ्या उभ्याच प्यायला लागली. चार बाकड्यांपैकी दोन मोकळी होती.

नरसिंगला ते बघवेना. त्याचा बाप याच गावात हाटेलाच्या बाहेर उभा राहून, आपली आपण आणलेली कपबशी पुढं करून चहा प्यायचा. नरसिंगनं हाटेल टाकलं तेव्हा पहिली शपथ हीच घेतली होती की आपल्याकडं कोणी उभ्यानं पिणार नाही, मग तो कोणत्याही जातीचा असो. काहून उभी राहिली बाई, त्यानं विचारलं. पोरीनं पाटीकडं बोट केलं. जास्त वेळ म्हणजे किती ते लिहिलेलं नाही, म्हणाली, आणि मला तर वेळ लागणार आहे.

नरसिंग इतका हसला की दूध उतू गेलं. ती पाटी तुझ्यासाठी नाही, असं सांगून त्यानं तिला कोपऱ्यातल्या बाकड्यावर बसवलं. त्या दिवसापासून ते बाकडं तिचं झालं.

तिचं नाव शितल राठोड. बंजारा तांड्यावरच्या देविदासची थोरली. बीएचं शेवटचं वर्ष, विषय मराठी. तिची गाडी दहाला यायची अन् साडेपाचला परत जायची. गावातलं वाचनालय सकाळी दहापर्यंत अन् मग संध्याकाळी सहानंतर, म्हणजे ती गावात असेपर्यंत त्याला कुलूपच. कॉलेजात बसायला खोली होती, पण तिथल्या शांततेत शितलच्या डोक्यात अक्षर शिरत नसे. घरी सहा भावंडं अन् दाराशी हापसा, त्या कालव्यात ती शिकलेली. फार शांत झालं की तिला घरचं काहीबाही आठवायचं. "मामा, तुमची भांडी वाजली की माझं मन बराबर लागतं," असं तिनं सांगितल्यावर नरसिंगची छाती पत्र्याला लागायची बाकी राहिली. पत्तेवाल्यांना त्यानं हुकूम सोडला, आवाज करा पण शिव्या नकोत. शिव्या वगळल्यावर त्या लोकांकडं बोलायला फारसं काही उरलं नाही.

एकदा दुपारी जुन्या मराठीच्या पेपराचा अभ्यास करता करता ती पाटीकडं बघून एकटीच हसली. नरसिंगनं कारण विचारलं. ती म्हणाली, नये हा एक शब्द नाही मामा, दोन आहेत, न आणि ये. सातआठशे वर्षांमागं आपले लोक 'करू ये' म्हणायचे, म्हणजे करता येतं, करायला हरकत नाही. त्याला न लागला अन् मनाई झाली. म्हणजे माझ्याच अक्षरानं घोळ केला म्हण की, नरसिंग म्हणाला. मग आठवडाभर त्यानं हे ज्ञान कंडक्टरपासून हमालापर्यंत सगळ्यांना वाटलं. कोणाला कळलं, कोणाला नाही, पण माझ्या हाटेलात कॉलेज भरतं असं तो छातीवर हात ठेवून सांगायचा.

आता पोरीनं एकटीनं हाटेलात बसणं म्हणजे आमच्याकडं काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. मोठ्या शहरात चालत असेल. आमच्याकडं पोरगी रस्त्यानं हसली तरी तिच्या पोचण्याआधी बातमी घरी पोचते. लालसिंग म्हणून त्याच तांड्यावरचा एक जीपवाला होता. त्यानं शितलला पाहिलं अन् देविदासच्या कानाला लागला. देविदासनं बायकोला सांगून टाकलं की डोळ्यानं बघतो, खरं निघालं तर उद्यापासून कॉलेज बंद. परीक्षेला महिना राहिला होता.

बाजाराच्या दिवशी देविदास अन् लालसिंग हाटेलात शिरले. शितल कोपऱ्यात मान खाली घालून लिहीत होती. बापाला बघून तिच्या हातातला पेन तसाच राहिला. देविदास ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नरसिंगसमोर जाऊन उभा राहिला आणि विचारलं, ही पोरगी रोज इथं येते काय. व्हय, येते, नरसिंग म्हणाला, अभ्यासाला येते. लालसिंग चौथी शिकलेला. आपली हुशारी दाखवायची ही बरी संधी सापडली त्याला. त्यानं पाटीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला, येथे, जास्त, वेळ, बसू, नये.

देविदास पाटीकडं बघून म्हणाला, "हाटेलवालाच बसू नये म्हणतो, अन् माझी लेक सा महिने बसून राहिली. आता मी लोकायला काय सांगू?"

चांगुणाची भजी तेलात काळी पडायला लागली. नरसिंगच्याच पाटीनं पोरीच्या विरोधात साक्ष दिली होती. ती पत्तेवाल्यांसाठी आहे, असं सांगावं तर ते पत्तेवाले समोरच बाकड्यावर बसलेले, म्हणजे कोण विश्वास ठेवणार. शितलच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं आणि ती पिशवी भरायला लागली होती. ती पिशवी आज भरली तर परत उघडणार नाही, हे नरसिंगला दिसत होतं.

त्यानं कढई खरवडायचा सराटा उचलला. बाकडं ओढलं, वर चढला आणि शेवटून दुसरं अक्षर खरवडायला लागला. जळबानं रंग चांगला दिला होता, लवकर निघेना. लाल भुगा त्याच्या डोक्यावर, खांद्यावर पडत होता. अहो, पाटी, पाटी, असं चांगुणा म्हणत राहिली. अख्ख्या पाटीत जे एक अक्षर त्याला वाचता येत होतं, ते त्यानं पार साफ केलं, अन् मगच खाली उतरला.

"आता वाच," तो लालसिंगला म्हणाला.

लालसिंगनं डोळे बारीक केले. "येथे जास्त वेळ बसू... ये." असं कुठं असतं का, तो पुटपुटला.

"ते पोरीला विचार. मला येत न्हाई, तिला येतं."

शितल उठली. पहिलं वाक्य कापऱ्या आवाजात गेलं. मग तिचा आवाज लागला. जुन्या मराठीतला ये, त्याचा अर्थ, त्याला न कसा चिकटला, सगळं तिनं भर हाटेलात सांगितलं. हमाल ऐकत होते, कंडक्टर ऐकत होता, गाडी सुटायची वेळ झालेली बाजारकरी मंडळी ऐकत होती. देविदासनं आपल्या लेकीला चार माणसांत बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. इथं चाळीस माणसं तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि नजरेत वाईट कोणाच्याच नव्हतं.

"हे तू हितं बसून शिकली?" त्यानं विचारलं.

"व्हय, बा."

देविदासनं डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि तिच्याच बाकड्यावर बसला. नरसिंगला म्हणाला, पोरीला देता तीच एक मला द्या. कॉफीचा पहिला घोट घेऊन त्यानं तोंड कडू केलं, पण कप पूर्ण संपवला. लालसिंगनं दोनदा चल म्हटलं. तुझी जीप घेऊन तू जा, देविदास म्हणाला, आमी साडेपाचच्या गाडीनं येतो. मग तो लेकीशेजारी साडेपाचपर्यंत बसून राहिला. ती लिहीत होती आणि तो तिच्या हाताकडं बघत होता.

शितल मराठीत कॉलेजात पहिली आली. पुढं बीएड केलं, वसमतकडच्या शाळेत बाई झाली. पहिल्या पगाराला ती कॉफीचा मोठा डबा घेऊन आली, तेव्हा नरसिंगनं तो फोटोखाली ठेवला अन् तीन दिवस कोणाला उघडू दिला नाही. तोवर कोपऱ्यातल्या बाकड्यावर तांड्यावरच्या आणखी दोघी बसायला लागल्या होत्या. देविदास बाजाराला आला की सोबतच्या माणसाला हाटेलात आणायचा, पाटी दाखवायचा आणि सगळं पहिल्यापासून सांगायचा. दर वेळी त्याच्या गोष्टीत हाटेलात दहा माणसं वाढायची.

परवा नव्या दमाचा एक पेंटर आला. आता फ्लेक्स निघालेत काका, म्हणाला, दोन तासांत नवी पाटी लावून देतो, तुमच्या पाटीतलं एक अक्षर पडलंय.

नरसिंगनं चहाचं भांडं खाली ठेवलं आणि पाटीकडं पाहिलं.

"पडलं न्हाई," तो म्हणाला. "म्या काढलं. माझंच व्हतं."