माझी घडी लेडीने मोडली
मी एक जुनी सत्काराची शाल आहे. तोंडाने फटकळ आहे, तेव्हा मित्रांनो, गोडगोड ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका.

यंत्रातून धडाधड बाहेर पडले, लक्ष्मी रोडवरच्या दुकानात काचेआड बसले आणि मालिनीकाकूंच्या बॅगेतून अमेरिकेत अल्फारेटाला आले. काकू म्हणजे तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांची बायको. पाहुण्याच्या खांद्यावर मला टाकायचं, फोटो काढायचा, आणि पाहुणा अवघडून मला परत देऊन गेला की पुन्हा घडी करून कपाटात. ऊब म्हणून मला कुणी पांघरलंच नाही.

१९८६च्या गणपतीत मंडळातल्या शैलाने सत्कारासाठी एक नाव सुचवलं. शैलाची मुलगी लेडी रोझमंडकडे घोड्यावर बसायला शिकत होती. मंडळाच्या सहलीला या इंग्रज बाईने आपलं अख्खं कुरण मोकळं करून दिलं होतं. अध्यक्ष राजारामकाका तर हुरळलेच. "अगं, राणीच्या दरबारात होती म्हणे ती! फोटो पुण्याला पाठवू!"

शाळेचा हॉल घेतला होता. एसी असा की दातावर दात वाजावेत. काकूंनी दारातच लेडीला कुंकू लावलं. स्टेजवर काकांनी मला तिच्या खांद्यावर घातलं, हातात नारळ दिला, आणि सगळा हॉल उठून टाळ्या वाजवू लागला. लेडीने काय करावं? मला हनुवटीपर्यंत गच्च लपेटून घेतलं! अगंबाई, माझी घडी मोडली हो! आनंदाने मी नुसती फुलून गेले.

"घर सुटल्यापासून माझ्यासाठी कुणी उठून उभं राहिलं नव्हतं," ती शेजारी बसलेल्या शैलाला हळूच म्हणाली.

तेवढ्यात स्टेजच्या पायरीशी मंडळातली सुचित्रा मालिनीकाकूंच्या कानाला लागली; तिची कुजबुज मला वरपर्यंत ऐकू आली. "काकू, ही तीच! ग्रोसरीच्या लाइनमध्ये मॅगझिनवर फोटो होता हिचा. राजवाड्यातलं ते लफडं! हिच्यामुळेच झालं म्हणे सगळं."

कुणाचं पाप कुणाच्या माथी मारलं होतं, मला ठाऊक नाही. सुचित्राला तरी कुठे ठाऊक होतं!

"अय्या! आणि मी हिला कुंकू लावलं?" काकू तरातरा स्टेजवर गेल्या आणि गोड हसून इंग्रजीत म्हणाल्या, "सॉरी हं, शालीला डाग पडलाय. बदलून आणते."

लेडीने हसत हसत मला दोन्ही हातांनी दिलं. मित्रांनो, माझ्यावर डाग नव्हता, शपथ घेऊन सांगते.

काकूंनी मला पिशवीत कोंबलं. पिशवीच्या तोंडातून मला सगळं दिसत होतं. मुलांची नाटुकली झाली, आरती झाली. लेडी मांडीवर नारळ घेऊन कुडकुडत बसली होती आणि कुणी विंगेतून आलं की आशेने मान वळवत होती. शैला एकदा उठली. काकूंनी नुसती भुवई वर केली, तशी मुकाट्याने बसली. माझा सगळ्यात जास्त राग आहे तो शैलावर.

जेवणाच्या वेळी लेडी स्वतःच काकूंपाशी आली. "डाग निघाला का?" तिने विचारलं.

काकूंनी वाढता हात थांबवला नाही. "नाही निघाला," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या हाताने कागदी नॅपकिन पुढे केला. "तुमच्या कपाळावरचाही पुसून टाका."

आता तिला कळलं. तिने नॅपकिन घेतला, कुंकू नीट पुसलं, नारळ टेबलावर अलगद ठेवला आणि 'थँक यू' म्हणून एकटीच पार्किंगमध्ये गेली. तिला आणलं शैलाने, पण सोडायला शैलासुद्धा गेली नाही.

त्याच संध्याकाळी काकूंनी माझी पुन्हा घडी घातली. आता डांबराच्या गोळ्यांत पडून आहे. मित्रांनो, मला कसर लागली तरी चालेल, जपून ठेवू नका. फक्त कुणाच्या खांद्यावर टाकलीत, तर तिथेच राहू द्या.