उजवा बैल

झिपरू आबांनी टोपी काढली, मारुतीच्या पायरीवर ठेवली आणि समोर बसलेल्या निंबाकडे सरळ बघत विचारलं,

"बोल निंबा. काय काय अटी शेतस तुन्या?"

देवळात सगळं गाव दाटलं होतं. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी कुणाची, यावरून ही दोन घरं बापजाद्यांपासून भांडत आली होती. चार वर्षांपूर्वी ऐन वेशीत लाठ्या चालल्या, डोकी फुटली आणि पोलिसांनी मिरवणूकच बंद केली. अखेर यंदा गावच्या तंटामुक्ती समितीनं दोन्हीकडचं ऐकून निकाल दिला. मान निंबाचा. आता जिंकलेल्यानं अटी सांगायच्या, हरलेल्यानं त्या पाळायचा शब्द द्यायचा, मग पोळा निघायला गाव मोकळं.

निंबाचा मुलगा स्वप्नील जळगावच्या पिंप्राळ्यातलं आपलं मोबाइलचं दुकान बंद ठेवून खास आला होता. बापाच्या आधी तोच बोलला.

"आबांची जोडी सगळ्यात शेवटी. पण जोडी आहेच कुठे आता? मातीचे बैल घ्यावेत पाटावर आणि यावं मागून!"

पोरं खिदळली. आबांनी गेल्याच महिन्यात धुळ्याच्या बाजारात आपली जोडी विकली होती. मुलगा राकेश दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला, शेत ट्रॅक्टरवर, आणि सत्तरीतल्या आबांच्यानं बैलांचं शेणपाणी होत नव्हतं. हसणाऱ्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. फक्त पायरीवरची टोपी उचलून मुठीत धरली.

"कबूल शे," ते म्हणाले.

निंबाला ते ऐकवेना. या माणसाशी तो उभा जन्म भांडला होता, आणि खरं सांगायचं तर भांडताना त्याला कधी कमीपणा वाटला नव्हता. समोरचाही तितकाच ताठ होता. त्याला हरवलं म्हणून तर निंबाची छाती फुगली होती. तोच माणूस पाटावर मातीचे बैल घेऊन मागून चालणार असेल, तर त्या मानाला चाटायचं होतं का?

"अटी मी सांगणार का पोरं?" निंबा जागचा उठला. "आबा, मनी एकच अट शे. पोळाना आदला दिन मना उजवा बैल तुम्हना दारशी बांधसू. त्याना खांदा तुम्हीच मळा, तुम्हीच सजाडा, आनि वेशीवर तुम्हीच लई या."

देवळात कुजबुज उठली. आबांची मान वर झाली.

"भीक शे का ही, निंबा?"

"भीक नही, आबा. अट शे. हारेल माणूसले अट पाळनी पडस."

"आनि मी नही ऊनू ते?"

"ते मी वेशीमा हुभा राहसू. एक बैल लिसन कोन्ही तोरण वलांडत नही."

आबांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग ते पायऱ्या उतरून गेले. ते हो म्हणाले की नाही, हे कुणालाच कळलं नाही.

घरी निंबाच्या बायकोनं, भागाबाईनं, त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"जिकेल मान दुसराना दारशी बांधी ऊनात! तो डोसा आबा नही ऊना ते काय तोंड दखाडशात?"

निंबा हसला, पण आतून तोही धास्तावला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो आपल्या उजव्या बैलाला, पाखऱ्याला, आबांच्या अंगणात बांधून आला. दार लोटलेलं होतं आणि आतून कुणी बाहेर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण चढलं, हलगी कडाडली, मागे सबंध गावच्या जोड्या खोळंबल्या. पुढे निंबा, एकट्या डाव्या बैलाचा, बादलचा, कासरा धरून. झूल होती, बाशिंग होतं, आणि उजवी बाजू रिकामी होती.

"पप्पा, लोक हसायला लागलेत," स्वप्नील कानाशी म्हणाला. "दुसरा बैल आणू का?"

"शब्द दिलाय."

निंबानं कासरा मनगटाला गुंडाळला. गेली चार वर्षं ज्या क्षणासाठी त्यानं चपला झिजवल्या, तो क्षण आता एका म्हाताऱ्याच्या मर्जीवर होता. तरीही केल्याचा पस्तावा त्याला झाला नाही.

तेवढ्यात मागची गर्दी दुभंगली. आबा येत होते. पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला लाल फेटा. आणि पाखऱ्या? पाखऱ्या निंबाला स्वतःला ओळखू येईना. अंगावर आबांच्या घराण्याची जुनी भरजरी झूल, गळ्यात पितळी घुंगरमाळ, शिंगं नुसती झळकत होती. शेजारचा बादल अगदीच साधा दिसायला लागला. निंबानं एकवार आबांकडे पाहिलं. आपला शत्रू असा होता!

आबांनी बैल उजव्या बाजूला आणला. निंबानं पाऊल उचललं, तसे ते थांबले आणि कासरा आखडून पाखऱ्याला हातभर मागे घेतलं.

"पुढे व्हय, निंबा. मान तुना शे. मी हारेल शे, इसरेल नही."

निंबानं बादलचा कासरा ओढला. बादल हलला नाही. पुन्हा ओढला, पाठीवर थाप मारली, चुचकारलं. बादलनं मान वळवून पाखऱ्याकडे पाहिलं आणि पाय रोवून उभा राहिला. हलगीवालाही गोंधळून थांबला. मागून कुणी ओरडलं, कुणी हसलं. निंबाचा चेहरा लाल झाला.

आबांनी एकदा बादलकडे पाहिलं, एकदा निंबाकडे. मिशीतल्या मिशीत काहीतरी हललं.

"मुकं जनावर शे," ते म्हणाले. "त्याले कोन्ही निकाल सांगेल नही."

आणि त्यांनी कासरा सैल सोडला. पाखऱ्या हातभर पुढे सरकला, तसं बादलनंही पाऊल उचललं.